‘ये’ कोणाला म्हटलं

कॅमेऱ्याचा खरा वैरी चोर नव्हे, कोळी. हे सांगितलं की लोक हसतात. पण अंधार पडला की कॅमेऱ्याच्या पोटातले बारीक लाल दिवे लागतात, त्या उजेडाला चिलटं येतात, चिलटांमागून कोळी येतो आणि नेमका काचेपुढे जाळं विणून बसतो. मग सकाळी मालकाचा फोन, की रात्रभर पडद्यावर भूत हलत होतं. मी म्हणते, भुताचे पाय मोजून ठेवा, आम्ही येतोय. निम्म्या तक्रारी फडक्याने पुसल्या जातात. उरलेल्या सैल वायरींच्या.

हा धंदा आमच्या ह्यांनी सुरू केला आणि मी टिकवला. ते गेले तेव्हा दीर म्हणाले, वहिनी, बाईमाणसाचं काम नाही हे, विकून टाका. मी म्हटलं, भावजी, बाईमाणसाचंच आहे. कोण आलं, कोण गेलं, जाताना हातात काय होतं, हे एका जागी बसून बघायला आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. पाटीवरचं नाव वाचायला मला वेळ लागतो, पण पडद्यावरचे सगळे चौकोन मी एका नजरेत वाचते.

आता गुडघे शिडी चढू देत नाहीत. म्हणून मुलगा नवीन कॅमेरे बसवायला जातो, आणि जुन्या इमारतींची देखभाल मी आणि सून करतो. ती वर, मी खाली पडद्यापाशी.

सुनेबद्दल सांगायचं तर, तिला मी तोंडावर कधी चांगलं म्हटलं नाही आणि पाठीमागे कोणाला वाईट म्हणू दिलं नाही. शिडी एका खांद्यावर घेऊन जिना चढते. वायरीचा जॉइंट माझ्या मुलापेक्षा नीट करते. आणि जीभ अशी, की मी एक बोलले तर तिचं उत्तर तयार. एकदा मी चहाला नावं ठेवली तर म्हणाली, “साखर मुद्दाम कमी घातली आई. म्हटलं, तुम्ही दोन शब्द बोललात की होईल गोड.” मी कप आपटला. आत जाऊन हसले, हे तिला कळू दिलं नाही.

आमची कामाची एक रीत आहे. तिला आम्ही हात दाखवणं म्हणतो. सून कॅमेऱ्याची काच पुसते, तोंड सरळ करते, शिडीवरून उतरते आणि कॅमेऱ्याखाली उभी राहून उजवा हात वर करते. खाली मी पडद्यावर बघते. तिचा चेहरा, हात, पायांखालची फरशी, सगळं स्वच्छ दिसलं की फोनवर सांगते, “दिसलीस.” मगच तिने हात खाली घ्यायचा आणि पुढच्या कॅमेऱ्याकडे जायचं. मी म्हटल्याशिवाय हात खाली घ्यायचा नाही. एकदा मला कोणाशी बोलता बोलता उशीर झाला, तर बिचारी तशीच उभी. खाली आल्यावर म्हणाली, “पुढच्या वेळी हाताला टेकू घेऊन जाते.”

आणखी एक सांगायला हवं. आपल्यात निघताना कोणी ‘जाते’ म्हणत नाही. ‘येते’ म्हणायचं. आणि मागे राहणाऱ्याने ‘ये’ म्हणायचं. सून रोज म्हणते, “येते हं आई.” मी म्हणते, “हं.” तिने एकदा विचारलंच, “आई, तुमचं ‘ये’ काय कपाटात कुलपात ठेवलंय?” मी म्हटलं, “दिवसातून दहा वेळा तुझं जाणं-येणं, प्रत्येक वेळी बँड लावू का?”

हे घडलं त्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात मुलाने मला सांगितलं, की त्याला दुसऱ्या शहरात मोठ्या कंपनीत नोकरी मिळाली आहे, महिनाअखेरीस ते दोघं जाणार. सांगताना तो फरशीकडे बघत होता. मी म्हटलं, “जा की. मी काय अडवलंय?” तो सुटल्यासारखा झाला. सून मात्र रात्री भांडी आवरताना माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

“आई, तुम्ही नुसतं ‘राहा’ म्हणा. त्यांचं मी बघते.”

“मी कशाला म्हणू? मला काय माणसं मिळत नाहीत कामाला?”

ती भांडी पुसत राहिली. तिने मला उत्तर दिलं नाही, असं ते पहिल्यांदाच. मला झोप लागली नाही. पण माझी मान ताठ होती.

रविवारी दुपारी आम्ही देखभालीच्या एका इमारतीत गेलो. खाली दुकानं, वर ऑफिसं. सुट्टी असल्यामुळे सगळी शटरं बंद, लिफ्ट बंद, व्हरांड्यात ऊन. इमारतीच्या मॅनेजरने आदल्या दिवशी फोन केला होता. तिसऱ्या मजल्याचं चित्र पुढे-मागे होतंय, म्हणाला. पुढे-मागे म्हणजे काय, विचारलं तर त्याला नीट सांगता येईना. “तुम्हीच बघा ना बाई.”

तिसरा मजला मला माहीत होता. तिथली कंपनी मध्यंतरी उठून गेली. टेबलं गेली, माणसं गेली, काचेच्या दारांवर आतून कागद चिकटवलेले. लांब पॅसेजच्या भिंतीवर जिथे फ्रेम टांगलेल्या होत्या तिथे फिकट चौकोन राहिले आहेत. एवढंच. पॅसेजच्या टोकाला आमचा कॅमेरा. रिकाम्या मजल्याचाही कॅमेरा चालू ठेवतात, कारण रिकाम्या जागेतच कोण घुसेल सांगता येत नाही.

पडदा जिन्याखालच्या वॉचमनच्या खोलीत. खोली म्हणजे एक टेबल, एक खुर्ची, एक स्टूल. टेबलाखाली चित्र साठवणारा डबा घुंघुं करतो, त्याची गरम धूळ नाकाला लागते. तिथल्या वॉचमनला मी जांभईराव म्हणते. त्याला राग येत नाही. राग यायला जागं असावं लागतं.

सुनेने शिडी उचलली. अंगात माझ्या मुलाचा जुना चौकड्यांचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. सकाळी भाजी चिरताना तिच्या उजव्या अंगठ्याला सुरी लागली होती, त्याला पांढरी पट्टी. मीच बांधली होती, आणि बांधताना बोललेही होते, की सुरीला धार आहे, लक्ष कुठे होतं.

“येते हं आई.”

“हं.”

फोन चालू ठेवून मी टेबलावर ठेवला. तळमजला झाला, पहिला झाला, दुसराही झाला. दुसऱ्या मजल्यावर कोळ्याने घर केलं होतं. “सासुरवाडी वसवलीये मेल्याने,” ती फोनवर म्हणाली. मी हसले नाही, पण जांभईराव हसला. ती कॅमेऱ्याखाली उभी राहिली, हात वर केला, पट्टी पांढरीशुभ्र दिसली. मी म्हटलं, “दिसलीस.” तिने हात खाली घेतला.

“आता तिसरा. येते.”

“हं.”

ती जिन्यात शिरली की फोनचा आवाज बसतो. भिंती जाड आहेत तिथल्या. मी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला आणि वर बघितलं.

तिसऱ्या मजल्याच्या चौकोनात ती कॅमेऱ्याखाली उभी होती. उजवा हात वर. अंगठ्याला पट्टी. चित्र इतकं स्वच्छ, की शर्टाचं वरचं बटण तुटलेलं दिसत होतं.

“दिसलीस,” मी म्हटलं.

तिने हात खाली घेतला.

फोन खरखरला. “काय म्हणालात आई?”

“दिसलीस म्हटलं. चांगलं आहे चित्र. मॅनेजरला चष्मा लावायला सांग.”

“अहो कुठून दिसले? मी जिन्यातच आहे अजून. शिडी वळणावर अडकलीये.”

फोनमधून शिडी भिंतीला घासल्याचा आवाज आला. मी जिन्याच्या चौकोनाकडे बघितलं. वळणावर शिडीचे दोन पाय, आणि त्यांच्यामागे चौकड्यांच्या शर्टातलं एक कोपर. शिडी हलत होती.

मी पुन्हा तिसऱ्या मजल्याकडे बघितलं. ती तिथे उभी होती. हात खाली. वर कॅमेऱ्याकडे बघत.

मला घाबरायला वेळ लागतो. आधी मी वायर बघते. मला वाटलं, डब्याने जुनं चित्र पुढे केलं असेल. मागच्या भेटीतली ती असेल. डबे म्हातारे झाले की असं करतात. मग माझी नजर तिच्या अंगठ्यावर गेली. पट्टी मी आज सकाळी बांधली होती. गाठ मी घालते तशी, आतल्या बाजूला.

“जांभईराव,” मी म्हटलं, “इकडे बघ. तिसऱ्यावर कोण दिसतंय?”

तो वाकला. “सूनबाई.”

“आणि जिन्यात?”

त्याने डोळे चोळले. “सूनबाईच. मावशी, काल तुम्ही आला नव्हता का?”

“काल कशाला येऊ?”

“मग त्या एकट्याच आल्या असतील. काल दिवसभर तिथेच उभ्या होत्या, अशा हात वर करून. मला वाटलं, तुम्हीच काहीतरी तपासायला उभं केलंय. तुमच्या रीती तुम्हाला माहीत.”

काल सून दिवसभर घरी होती. माझ्या डोळ्यांसमोर. सामान बांधायला खोके काढत होती आणि मी बघून न बघितल्यासारखं करत होते.

मी डब्यातलं कालचं चित्र मागे घेतलं. काल सकाळी ती तिथे होती. काल दुपारी होती. परवाही होती. चौकड्यांचा शर्ट, तुटलेलं बटण, वर केलेला हात आणि अंगठ्याला ती पट्टी, जी बांधायची जखम अजून व्हायची होती. पॅसेजमधलं ऊन सरकत होतं, सावल्या फिरत होत्या, ती हलत नव्हती. कोणीतरी ‘दिसलीस’ म्हणेल म्हणून उभी होती.

आणि ते मी आत्ता म्हटलं होतं.

“पोचले बाई एकदाची,” फोनमधून सून म्हणाली. धापा टाकत होती. “आई, इथे गार आहे हो. एसी चालू ठेवून गेलेत की काय?”

मी चालू चित्र पुढे घेतलं. पॅसेज. ती, हात खाली. बाकी कोणी नाही. शिडी नाही.

“तू कुठे आहेस?”

“कॅमेऱ्याखाली. शिडी लावली. काच पुसते आता.” फडक्याचा आवाज आला. काचेवर फडकं फिरलं तर चित्र झाकलं जातं, सगळ्यांनाच माहीत आहे. चित्र झाकलं गेलं नाही.

“हं, झालं. हात वर केलाय. दिसतेय का?”

मी बघत होते. चौकोनातली हलली नाही.

“आई? दिसतेय का?”

“डावा वर कर,” मी म्हणणार होते. शब्द तोंडात होता, ओठाबाहेर आला नव्हता. चौकोनातलीने डावा हात वर केला.

मग मी म्हटलं, “डावा वर कर.”

“डावा? बरं. घ्या डावा,” सून म्हणाली.

जांभईराव भिंतीला टेकला होता. त्याच्या डोळ्यांतली झोप उडाली होती. मी त्याच्याकडे बघून म्हटलं, “फोन मागे पडतोय. दुसरं काही नाही.” त्याने मान हलवली. मीही हलवली. दोघांनाही ते पटलं नाही.

“काम सोड,” मी फोनमध्ये म्हटलं. “खाली उतर.”

“का? आत्ताच तर चढले.”

“उतर म्हटलं ना.”

“शिडी घेऊ की—”

“शिडी गेली खड्ड्यात. तू उतर.”

“काय झालं आई? आवाज असा काय तुमचा?” ती थांबली. मग नेहमीसारखी म्हणाली, “बरं बाई. तुमचंच खरं. येते.”

त्याच क्षणाला चौकोनातलीने मान वर केली. सरळ कॅमेऱ्यात बघितलं, म्हणजे माझ्याकडे. आमच्या कॅमेऱ्यांना आवाज नसतो. तिचे ओठ हलले. तो शब्द मी रोज ऐकते, मला ओठांवरून कळायला वेळ लागला नाही.

येते.

आणि मी म्हटलं, “ये. ये गं बाळा. लवकर ये.”

एवढी वर्षं जे दिलं नव्हतं ते सगळं त्या एका शब्दात गेलं. मला वाटलं, तिला फोनवर ऐकू गेलं असेल, आता काहीतरी बोलेल, मला चिडवेल. मी टेबलावरच्या फोनकडे बघितलं. फोन काळा होता. कॉल तुटला होता.

मी डोळे पडद्यावर ठेवूनच बोलले होते.

चौकोनातली वळली आणि चालायला लागली.

तिसऱ्याच्या पॅसेजमधून गेली. जिन्याच्या चौकोनात आली. हातात शिडी नाही, फोन नाही. दुसऱ्या मजल्यावर दिसली. पहिल्या. प्रत्येक चौकोनात ती शिरली की मला वाटायचं, हिच्यामागून दुसरी येईल. येत नव्हती.

तळमजल्याच्या चौकोनात ती या खोलीच्या दाराशी येऊन थांबली.

मी दाराकडे बघितलं. दार बंद होतं. बाहेर काहीच आवाज नव्हता.

मग पावलं वाजली. जिन्यावरून, उतरत. आणि दार उघडलं.

सून आत आली. केस घामाने कपाळाला चिकटलेले. जिने उतरून आलेल्या माणसासारखी दिसत होती. स्टुलावर बसली, माझ्याकडे बघून हसली.

“फोन वरच राहिला वाटतं,” ती म्हणाली.

बस, एवढंच होतं तर. मला हसू यायला लागलं. फोन राहिला, कॉल तुटला, चित्र पुढे-मागे, जांभईराव अर्धवट झोपेत. मी तिचा हात हातात घेतला. गरम होता. पट्टीची गाठ माझीच.

“नका उचलू,” ती म्हणाली. “रॉंग नंबर आहे.”

“काय नका उचलू?”

माझा फोन वाजला.

फोनच्या पडद्यावर तिचा फोटो आला. माझ्या मुलाने काढलेला, जीभ बाहेर काढलेला. मी तिच्याकडे बघितलं. ती हात मांडीवर ठेवून बसली होती. दोन्ही हात. रिकामे.

मी उचलला.

“आई, कट झाला होता,” सून फोनवर म्हणाली. “मी इथेच आहे. जिन्याचं दार सापडत नाहीये हो. हात वर केलाय, बघा ना. दिसतेय का?”

मी तिसऱ्या मजल्याकडे बघितलं. पॅसेज रिकामा होता. ऊन, फिकट चौकोन, काचेची दारं.

“आई, बोला ना काहीतरी. दिसतेय का मी?”

आवाज लांब लांब गेला, जिन्यात शिरल्यावर जातो तसा, आणि बंद झाला.

स्टुलावरची उठली. “मी गाडीत बसते,” म्हणाली आणि बाहेर गेली.

मी जिना चढले. कशी चढले ते गुडघ्यांना माहीत. प्रत्येक वळणावर हाक मारली. वर पॅसेजच्या टोकाला शिडी होती, नीट उघडून लावलेली. वरच्या पायरीवर ओलं फडकं. त्याच्याशेजारी तिचा फोन, गरम. कॅमेऱ्याची काच अशी लखलखीत पुसलेली, की त्यात मी मला दिसले. इवलीशी, एकटी.

“अगं ए,” मी म्हटलं. “कुठे आहेस?”

गार होतं. एसी बंद होता.

जिन्याच्या पोकळीतून जांभईरावाची हाक आली. “मावशी! दिसताय हो दोघी! लख्ख दिसताय! या आता खाली!”

मी शेजारी बघितलं.

भिंत होती. फ्रेम टांगलेल्या जागेचा फिकट चौकोन होता.

मी हात पुढे केला, चाचपला, हवेत फिरवला. काही लागलं नाही. ती किती वेळ हात वर करून उभी राहणार, मी काहीतरी म्हटल्याशिवाय खाली घेणार नाही, हे मला ठाऊक होतं. खोटंच ‘दिसलीस’ म्हणून तिला चालतं करावं, असं मनात आलं. पण मग ती कुठे गेली असती?

“नाही दिसत गं,” मी म्हटलं.

खाली गाडीपाशी ती स्टुलावरची पाण्याची बाटली उघडून, हात लांब करून उभी होती. मी फाटकातून बाहेर येण्याआधीपासून तशी उभी असावी. बाटलीच्या तोंडातून पाणी गळून तिच्या चपलेजवळ थारोळं झालं होतं.

मुलाला मी काय सांगणार होते? तो संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याची बायको स्वयंपाकघरात गुणगुणत होती. त्याने तिच्या खांद्यावर हनुवटी टेकली, तिने मान कलती केली. त्याला काही वेगळं वाटलं नाही. नवऱ्याला न कळणारी गोष्ट सासूने ओरडून सांगितली, तर वेडी कोण ठरणार, हे मला शाळेत न जाताही कळतं.

अंगठ्याची पट्टी तिने त्याच रात्री काढली. खाली जखम नव्हती.

मी पुन्हा त्या इमारतीत गेले. मुलाला पाठवलं, मग त्याच्याबरोबर गेले, मग एकटी गेले. मॅनेजर म्हणतो, आता चित्र एकदम झकास आहे, काय केलंत? जांभईराव मला बघितलं की फाटकाशी जाऊन उभा राहतो, खोलीत थांबत नाही. पडद्यावर पॅसेज रिकामा असतो. मी ऊन सरकेपर्यंत बसते. तिचा फोन मी चार्ज करून उशाशी ठेवते. हिने तो कधी मागितला नाही.

हिच्यात वाईट असं काही नाही. हेच वाईट आहे. मी हाक मारायच्या आधी ‘ओ’ देते. पाणी मागायच्या आधी पाणी. दाराची बेल वाजायच्या आधी जाऊन दार उघडते आणि बाहेर उभा असलेला माणूस बोट बेलकडे नेता नेता थांबतो. मुलगा कौतुकाने म्हणतो, “आई, तुझं आणि हिचं आता बरं जमलं. आधी नुसत्या भांडायचात.” परवा मी मुद्दाम म्हणायचं ठरवलं, की भाजीत मीठ आहे की मिठात भाजी. पहिलीने ऐकलं असतं तर ताट उचलून म्हणाली असती, द्या इकडे, पाण्याने धुऊन आणते. ही माझं वाक्य सुरू व्हायच्या आधीच मंद हसली. मग मी ते बोललेच नाही. तरी तिने मान डोलावली.

आणि ती दोघं गेली नाहीत. महिनाअखेर आली आणि गेली, खोके परत माळ्यावर चढले. मुलाने कंपनीला कळवलं, थोडं थांबा. मला आनंद व्हायला हवा होता. मी त्याला विचारलं, “अचानक काय झालं?”

“तीच नको म्हणाली,” तो म्हणाला. “म्हणाली, आईंना सोडून आत्ता कुठे जायचं. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे, मग जाऊ.”

“थोड्याच दिवसांचा म्हणजे?”

“काय माहीत. तिलाच विचार.”

मी विचारलं नाही. तिच्याकडे उत्तर तयार असणार.

आज दुपारी आम्ही जेवायला बसत होतो. मुलगा हात धूत होता. मी खोलीतून येऊन तिच्या मागे उभी राहिले, तिला चाहूल लागली नाही की लागूनही तिने वळून बघितलं नाही, सांगता येत नाही. तिने त्याचं ताट मांडलं. तिचं मांडलं. मग माझी खुर्ची उचलली आणि भिंतीला लावून ठेवली.

“अगं,” मुलगा हात पुसत हसला, “आईचं ताट?”

ती थांबली. माझ्याकडे वळली आणि बराच वेळ बघत राहिली, एखादी गोष्ट नक्की कधीची आहे ते आठवावं तशी.

“हो की,” ती म्हणाली. “आज लागेल अजून.”

आणि तिसरं ताट पुसून माझ्यापुढे ठेवलं.